फिक्स खिडकी

आधीच सांगून टाकतो, मागाहून कोणी म्हणायला नको की हितेंद्रनं लपवलं. माझ्या बहिणीला तिच्या नवऱ्यानं ज्या खोलीत कोंडून मारलं, त्या खोलीची खिडकी मी बसवली होती. माझ्या या दोन हातांनी. आहेर म्हणून. लेव्हल लावून, रबर दाबून, सिलिकॉनची रेघ अशी सरळ ओढली होती की बघणाऱ्यानं बोट फिरवून बघावं. आता ती रेघ आठवली की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

पिंप्राळ्यात माझं खिडक्यांचं दुकान आहे. जळगावचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक नसेल तर मे महिन्यात एकदा दुपारी दोनला या. चप्पल डांबराला चिकटली की कळेल. त्या उन्हावर माझं पोट चालतं. लोक एसी घेतात, बिल आलं की बोंबलतात, मग माझ्याकडे येतात. मी सांगतो, बाबांनो, खोट एसीत नाही, खिडकीत आहे. एकेरी काच म्हणजे तापलेला तवा. दुहेरी काच घ्या. दोन काचांमध्ये बोटभर कोरडी हवा कोंडलेली, कडेनं पक्की बंद, आणि बाहेरच्या काचेला आरशासारखा थर. ऊन आलं तसं परत जातं, आतला गारवा आत राहतो. आणि उघडणाऱ्या खिडकीपेक्षा फिक्स खिडकी केव्हाही भारी. उघडायची फटच नाही तर गरम हवा शिरेल कुठून?

दुकानात मी दुहेरी काचेची एक पेटी करून ठेवली आहे. तिच्यात मोठा दिवा लावतो आणि गिऱ्हाईकाला म्हणतो, लावा हात. काच गारच लागते. मग दिवा काढून आत मोबाइल ठेवतो, झाकण लावतो, आणि दुसऱ्या फोनवरून त्याला रिंग देतो. आतला मोबाइल लुकलुकताना दिसतो, नाचतो, पण वाजताना ऐकू येत नाही. इथं गिऱ्हाईक खलास.

हेमराजही इथंच खलास झाला. हेमराज म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, कामिनीचा नवरा. सोनगीरला हायवेवर त्याचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान. बोलायला मऊ, कधी आवाज चढवणार नाही, आमच्या घरी आला की ताटातलं एक शीत टाकणार नाही. जुनं मातीचं घर पाडून त्यानं त्याच जागेवर स्लॅबचं बांधलं, तेव्हा मी म्हटलं, पाव्हणे, सगळ्या खिडक्या माझ्याकडून. तो कामिनीला घेऊन दुकानात आला. उन्हाच्या दिव्याकडे त्यानं धड बघितलंही नाही. मोबाइलची पेटी मात्र तीनदा वाजवून बघितली.

"हायवेच्या ट्रका रात्रंदिवस चालतात हो, हितेंद्रभाऊ," तो म्हणाला. "डोकं उठतं. झोपायच्या खोलीला ही एकदम पक्कीच बसवा. उघडायचं काही ठेवूच नका."

मी खूष. म्हटलं, याला कळतं! दहातल्या नऊ गिऱ्हाइकांना फिक्स खिडकी पटवताना माझ्या तोंडाला फेस येतो, आणि इथं पाव्हणा स्वतःहून मागतोय.

कामिनी काउंटरपाशी उभी होती. ती म्हणाली, "दादा, झोपायच्या खोलीची उघडणारी कर ना. एक पाखं उघडलं तरी चालेल."

"उघडणारी?" मी हसलो. "अगं, गल्लीतला धुराळा आणि मे महिन्याचा फुफाटा आत घ्यायचाय का तुला? पाव्हण्यांचं ऐक."

हे एकदा. दुसऱ्यांदा तिनं फोन केला, मी चौकट कापत होतो. "दादा, ते पाखं..." मशीन चालू होती. मी ओरडलो, "कामे, डोकं खाऊ नको! माझ्या धंद्यातलं मला शिकवतेस का?" तिसऱ्यांदा बसवायच्या दिवशी म्हणाली, ते पुढे येतंच. बहिणीनं तीनदा मागितलं. पाव्हण्यानं एकदा सांगितलं. आमच्याकडे पाव्हण्याचा शब्द खाली पडत नाही, आणि घर बहिणीचं असलं तरी तिला विचारायची रीत नाही. मीही त्याच मातीचा गाढव.

आता भिकुबाईचं सांगतो, कारण तिच्याशिवाय हे कळायचं नाही. भिकुबाई म्हणजे हेमराजच्या भिंतीला भिंत लागून राहणारी म्हातारी. साठी ओलांडलेली, एकटी, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. जुनं घर पाडायच्या आधी जागा बघायला मी गेलो होतो तेव्हा ही बाई हातात वाटी घेऊन दारात उभी. "इरजन शे का व कामिनी?" कामिनीनं आतून थोडं दही आणून दिलं. भर दुपारी विरजण! मी चेष्टा केली, "मावशी, तुमच्याकडे म्हशी आहेत तीन तीन, आणि विरजण रोज दुसऱ्याकडचं?" ती हसली नाही. तिनं हेमराजकडे बघितलं, हेमराजनं खाली बघितलं, आणि ती वाटी घेऊन निघून गेली.

त्या गल्लीत ती रीत होती. घरात नवरा बायकोला मारत असला तर मध्ये पडायचं नाही, पुरुषाची अब्रू जाते, उद्या तो त्याच रागात बायकोला जास्त मारतो. पण शेजारच्या थोरल्या बाईनं वाटी घेऊन विरजण मागायला जायचं. वेळ कुठलीही असो. दारात बाई उभी राहिली की हात थांबवावाच लागतो. बायकोला उठून, तोंड पुसून, आतून दही आणून द्यावं लागतं. तेवढ्यात राग उतरतो. कोणी काही बोलत नाही, सगळ्यांना सगळं कळतं. मातीच्या घराच्या झरोक्यातून कामिनीचा आवाज पलीकडे जायचा आणि भिकुबाई वाटी उचलायची. सहा वर्षं ती बाई वाटी घेऊन येत होती. सहा वर्षं! आणि मी तिच्या म्हशी मोजत होतो.

झरोका बुजवला मी. हे मला कोणी सांगायची गरज नाही.

बसवायच्या दिवशी मी एकटाच काम करत होतो, हेमराज नाश्ता आणायला गेला होता. कामिनी दाराशी उभी राहून बघत होती. तिसऱ्यांदा म्हणाली, "दादा, ही उघडणार नाहीच का?" मी म्हटलं, "तुला भीती कसली वाटते? बघ, तुझ्यासाठी टफन काच आणलीये." आणि शहाणपणा दाखवायला मी हातोडी घेऊन काचेच्या मधोमध ठण्ण करून मारली. काचेला ओरखडा नाही. "बैलानं ढुशी दिली तरी फुटायची नाही. पण हिचं एक गुपित आहे. अगदी कोपऱ्यात, कडेला, टोकदार काहीतरी जोरात मारलं, की सगळी एकदम चुरा. खडीसाखरेसारखी. कापतसुद्धा नाही." मी धंद्यातला माणूस, मला आपल्या मालाचं कौतुक. ती कोपऱ्याकडे बघत राहिली. मी समजलो, पोरीला मजा वाटली.

मग हेमराज आला. वडे ठेवले आणि म्हणाला, "चला, आवाजाचं बघू."

आधी तो स्वतः आत गेला, दार लावलं. मी अंगणात. बाहेरच्या काचेत मला फक्त माझं तोंड आणि मागचा लिंबाचा डेरा दिसत होता. आतला माणूस दिवसा बाहेरून दिसतच नाही, तो थरच तसा असतो. तो बाहेर येऊन म्हणाला, "पितळी घागर बडवली मी. ऐकू आली?" मी म्हटलं, काही नाही. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मलाच बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

"बाईमाणसाचा आवाज बारीक असतो, तो भलतीकडूनही निसटतो," तो म्हणाला. "कामिनी, तू जा आत. दार लाव आणि ओरड. जीव तोडून ओरड."

कामिनी आत गेली. आम्ही दोघं अंगणात, खिडकीसमोर. हायवेवरून एक ट्रक गेला, दुसरा गेला. मी कान दिला. काही नाही. मी काचेकडे बघून, म्हणजे माझ्याच तोंडाकडे बघून, अंगठा वर केला. झकास! हेमराजनं माझ्या पाठीवर थाप मारली. कामिनी बाहेर आली तेव्हा तिचा घसा बसला होता. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "एवढं ओरडायला सांगितलं होतं का ग?"

त्यानंतरचं वर्ष मला तुकड्या-तुकड्यानं नंतर कळलं. तो मारायच्या आधी दार लावायचा. सावकाश. मग म्हणायचा, "ओरड. तुझ्या भावानं बसवलीये, बघू कुठपर्यंत जातं." पट्टा, ट्रॅक्टरची फॅनबेल्ट, मोटारीचा पाइप, दुकानातलं जे हाताला लागेल ते. पूर्वी तोंडावर मारत नसे, भिकुबाई बघेल म्हणून. आता कोण बघणार? एकदा त्यानं तिच्या डाव्या कानावर अशी मारली की आत काहीतरी फाटलं, तीन दिवस उशीवर रक्त आलं. तिनं मला फोन केला तेव्हा म्हणाली, "सर्दी आहे." तो शेजारी बसलेला होता. फोन कमी झाले. मी बायकोला म्हणालो, नवीन घर लागलं पोरीला, रमली. थू माझ्या तोंडावर.

भिकुबाई दोनदा आली होती वाटी घेऊन, नुसत्या अंदाजानं. हेमराजनं दारातूनच सांगितलं, "आता फ्रिज आहे, आम्ही पाकिटातलं दही आणतो." काही ऐकू येत नाही, तर ती कशावर हट्ट धरणार?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खान्देशात आखाजीला सासरची पोर माहेरी येतेच येते. दिवाळी चुकली तर चुकली, आखाजी चुकत नाही. झोका बांधतात, सांजोऱ्या, आमरस, पोरी गाणी म्हणतात, चार दिवस पोरीला कोणी काम सांगत नाही. भाऊ मुऱ्हाळी म्हणून जातो आणि बहिणीला घेऊन येतो. मी असोद्याच्या आमच्या वडिलोपार्जित घरी लिंबाला झोका बांधला, नवा दोर आणला, आणि सकाळी गाडी काढून सोनगीरला पोचलो. दहा वाजले असतील, पण ऊन असं की स्टेअरिंगला हात लावावेना.

फाटकाला कडुलिंबाचा डहाळा टांगलेला. मी चमकलो. घरात माता आली, म्हणजे कुणाला कांजण्या झाल्या, की आमच्याकडे असा डहाळा लावतात. मग त्या घरात कोणी पाऊल टाकत नाही, काही मागत नाही, काही नेत नाही. मुऱ्हाळी असला तरी बाहेरूनच परत.

हेमराज फाटकाशी आला. "कामिनीला माता आलीये, हितेंद्रभाऊ. अंगभर फुटलंय. आत नका येऊ, तुमच्याही घरात लेकरं आहेत."

"बघू तरी द्या दुरून."

"सावली पडू द्यायची नसते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे." त्यानं अंगणात खुर्ची टाकली, माझ्यासाठी कूलर बाहेर आणून चालू केला, स्वतः तांब्या भरून पाणी आणलं. कूलर असा घरघरत होता की त्याचं बोलणं ऐकायला मला पुढे वाकावं लागत होतं. पाव्हणा स्वतः पाणी आणतोय, माझ्यासाठी कूलर लावतोय! मला भरून आलं. मी सांजोऱ्यांचा डबा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, पोरीला सांभाळा.

खुर्ची खिडकीसमोरच होती. माझीच खिडकी. समोर काचेत मी. वाऱ्यानं केस विस्कटलेले, कपाळावर धूळ. निघताना मी उठलो, खिशातून कंगवा काढला आणि काचेजवळ जाऊन भांग पाडला. हातभर अंतरावरून. मिशीवरून बोट फिरवलं. काच थोडी थरथरल्यासारखी वाटली. मी मनात म्हटलं, हायवेचा ट्रक. आणि रबर एकदा तपासायला पाहिजे, असंही म्हटलं.

ती आत होती. दोन्ही तळहातांनी काच बडवत होती. माझ्या तोंडासमोर तिचं तोंड होतं, मध्ये बोटभर हवा. मी केस विंचरत होतो.

"चला, निघा आता, ऊन वाढलं," हेमराज मागून म्हणाला. त्यानं माझा दंड धरला. मऊ माणूस, पण पकड भलती घट्ट.

मी वळलो आणि मागे टप् असा आवाज आला. दबका. मातीच्या मडक्यात खडा पडावा तेवढा. मी थांबलो. हा आवाज मी रोज ऐकतो, दुकानामागच्या कारखान्यात काच गेली की असाच येतो. आतली काच गेली होती. मी वळून बघितलं. आरशात मी, लिंब, हेमराज. हेमराजचं तोंड पांढरं पडलेलं.

"काय फुटलं?" मी विचारलं.

"काही नाही. चला तुम्ही." त्यानं मला ढकललंच.

तेवढ्यात माझं तोंड फुटलं. म्हणजे आरशातलं. खालच्या उजव्या कोपऱ्यातून पांढरी जाळी सर्रकन वर चढली आणि पूर्ण काच धाडकन अंगणात सांडली. माझ्या पायावर, केसात, कॉलरमध्ये खडीसाखर. आणि तिथं, जिथं मी होतो तिथं, कामिनी.

खरं सांगतो, मी ओळखलं नाही. एक डोळा बंद, सुजून काळा. ओठ फाटून लोंबलेला. शिवणकामाची मोठी कात्री दोन्ही हातांत उलटी धरलेली, मनगटातून रक्त कोपरापर्यंत. अंगावर कांजणीचा एक फोड नव्हता. फॅनबेल्टचे वळ होते, गळ्यावर, दंडावर, एकावर एक. तिनं हाक मारली आणि ती मला ऐकू आली. "दादा."

हेमराज धावला. माझ्याकडे नाही, दाराकडे. तो तिच्याकडे जात होता! कडी काढायचा आवाज आला आणि मला कळलं, मी दारानं गेलो तर तो आधी पोचेल. मी खिडकीच्या चौकटीला हात घातला. माझीच चौकट, काठाला काच चिकटलेली, कापत नाही म्हणालो होतो तीच, तळवे फाटले. पोट घासत आत पडलो. तोवर तो खोलीत आला होता. हातात पडद्याची लोखंडी दांडी. त्यानं ती तिच्या डोक्यावर उगारली आणि मी मध्ये हात घातला. हाताचं हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर.

"बाजूला व्हा, ती माझी बायको आहे!" तो ओरडला. पहिल्यांदाच त्याचा मोठा आवाज ऐकला मी.

मी त्याच्या पोटात डोकं घातलं. दोघं कपाटावर आदळलो, कपाट अंगावर आलं. त्यानं माझ्या मोडक्या हातावर गुडघा रोवला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी त्याच्या कानाला चावलो. हो, चावलो, कुत्र्यासारखा, आणि सोडलं नाही. तो किंचाळला, दांडी सुटली, मी ती उजव्या हातात घेतली. पहिला फटका खांद्यावर. दुसरा फासळीवर. तिसरा, चौथा. मग मी मोजलं नाही. प्रत्येक फटक्याला मी म्हणत होतो, ओरड. ओरड आता! जाऊ दे ना गावभर! आणि तो ओरडत होता, आणि आवाज खिडकीतून जात होता, अंगणात, गल्लीत, पार हायवेपर्यंत. मला इतकं बरं वाटत होतं की आता सांगायला लाज वाटते. त्याचं तोंड रक्तानं भरलं. तो ओरडायचा थांबला, तरी मी थांबलो नाही. मी दांडी टाकून त्याच्या छातीवर बसलो आणि त्याचा गळा धरला. एका हातानं. एक हात पुरत होता. त्याचे पाय फरशीवर आपटत होते, मग हळू झाले.

कामिनी भिंतीला टेकून बघत होती. तिनं मला थांबवलं नाही.

"इरजन शे का?"

मी वर बघितलं. फुटलेल्या खिडकीच्या चौकटीत भिकुबाई उभी. कडुलिंबाचा डहाळा ओलांडून आलेली. हातात स्टीलची वाटी. ती कामिनीकडे बघत नव्हती. हेमराजकडेही नाही. माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे! जशी सहा वर्षं हेमराजकडे बघायची तशी.

"थोडं इरजन दे रे भाऊ," ती म्हणाली. "सोड त्याले. मरी जाई तो."

माझा हात सुटला. कसा सुटला ते मला माहीत नाही. हेमराजनं श्वास ओढला, घोरल्यासारखा. माझ्या हाताची बोटं उघडत नव्हती, वाकडीच राहिली होती. मी भिंतीला टेकलो आणि ओक्साबोक्शी रडलो. कामिनी उठली. एक पाय ओढत स्वयंपाकघरात गेली, फ्रिज उघडला, आणि चमचाभर दही आणून खिडकीतून भिकुबाईच्या वाटीत घातलं. रीत होती, ती तिनं पाळली. मग भिकुबाईनं तिचा हात धरला आणि बाहेर ओढलं, चौकटीवरून, दारातून नाही. अख्खी गल्ली अंगणात जमली होती.

पोलीस आले, दवाखाना झाला. हेमराज वाचला. चार फासळ्या, जबडा. त्याच्यावर केस आहे, माझ्यावरही आहे, मी जामिनावर आहे. वकील म्हणाला, गळ्याचं कोर्टात बोलू नका. मी बोलणार. भिकुबाई साक्षीला उभी राहणार आहे, तिनं जे बघितलं तेच ती सांगेल, माझंही. सांगू दे.

कामिनी आता आमच्याकडे पिंप्राळ्यात असते. डाव्या कानानं तिला काही ऐकू येत नाही, डॉक्टर म्हणाले येणारही नाही. तिच्या खोलीला खिडकी बसवायची होती. या वेळी मी मापाची पट्टी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, तू सांग. तिनं साधी दोन पाखांची मागितली, एकेरी काच, लोखंडी गज. दुहेरी काचेचं नावही मी काढलं नाही. मे महिन्यात ती दोन्ही पाखं सताड उघडी ठेवते. खोली भट्टी होते, पंखा गरम वारा फेकतो, माझी बायको कुरकुरते. मी बायकोला म्हणतो, गप्प बस.

परवा दुपारी मी तिच्या खोलीत बसलो होतो. बाहेर भंगारवाला ओरडत होता, शेजारी कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. ती ब्लाऊज शिवत होती, तीच कात्री. मी तिच्या उजव्या बाजूला सरकलो, त्या कानाच्या, आणि म्हटलं, "कामे, एक विचारू? तेव्हा तीनदा म्हणालीस उघडणारी कर. सरळ का नाही सांगितलंस, दादा, हा मला मारतो म्हणून?"

तिनं मशीन थांबवली.

"सांगितलं होतं, दादा," ती म्हणाली. "तू खिडकी बसवलीस आणि त्यानं मला आत ओरडायला पाठवलं ना, तेव्हा. खोलीत मी एकटी होते. मला वाटलं, एवढी चांगली संधी परत मिळायची नाही. तू समोरच उभा होतास. मी जीव तोडून ओरडले, दादा, हा मला मारतो, मला घेऊन जा. चार-पाचदा ओरडले."

मी खिडकीचा गज धरला.

"तू ऐकत होतास. मान वाकडी करून," ती म्हणाली. "मग तू माझ्याकडे बघून अंगठा वर केलास."

तिनं पुन्हा मशीन चालू केली.